हनोईत ‘चाय’ म्हणजे चहा नव्हे

मी कुडाळचा, मासळीवर वाढलेला. पत्नी पुण्याची, अंडेही न खाणारी. त्यामुळे हनोईत होआन किएम तळ्याच्या दक्षिणेला, फ्रेंच काळातील एका बंगल्यातल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये नऊ पदार्थांचे ठरीव जेवण घ्यायचे ठरवले, तेव्हा टेबल मिळवण्यापेक्षा तिचे ताट निभावणे अवघड जाणार याची कल्पना होती. आठवडाभर आधी ईमेल केला, न आल्यास पैसे कापण्यासाठी कार्डाचा तपशील दिला आणि एका व्यक्तीला मांस, मासे, अंडी चालत नाहीत असे स्पष्ट लिहिले. ‘व्यवस्था होईल’ असे उत्तर आले.

पहिलाच पदार्थ आला तो भाताच्या कागदासारख्या पातळ पापडीत गुंडाळलेला पाला आणि सोबत आंबटगोड पाणी. वास घेताच मला शंका आली. वाढणाऱ्या तरुणाला मी ‘नुओक माम?’ एवढेच विचारले. तो क्षणभर थांबला, आत गेला आणि ओशाळून वाटी उचलून घेऊन गेला. यात लबाडी नव्हती. मासळी आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून काढलेला हा रस तिथे इतका रोजचा आहे की, त्यात मासा आहे हे स्वयंपाक्याच्या ध्यानातही येत नसावे, जसे आपल्याला फोडणीतले हिंग जाणवत नाही.

मग मी मोबाईलवर लिहून आणलेले दोन शब्द दाखवले: ‘आन चाय’. बौद्ध परंपरेतील शाकाहाराला तिथे हे नाव आहे आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक जण तो पाळतात. ‘शाकाहारी’ला जो अर्थ नव्हता तो या शब्दाला होता, तिचे पुढचे सगळे पदार्थ सोयाच्या रसात आले. फक्त काटेकोर ‘चाय’मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे पत्नीला आपोआप चातुर्मास घडला. हा शब्द ईमेलमध्येच लिहायला हवा होता, ही चूक माझी.

हनोईचा प्रसिद्ध ‘चा का’ म्हणजे हळद लावून तळलेला मासा आणि त्यावर मूठभर शेपू. माझ्या ताटात मासा होता, तिच्या ताटात टोफू. घरी शेपूची भाजी पाहून नाक मुरडणारी ती इथे मात्र निमूटपणे सारे संपवत होती, हे मी पाहिले आणि बोललो नाही.

सातव्या पदार्थाला खरा धक्का बसला. भाजलेल्या डुकराच्या मांसावर भुरभुरवलेली पूड जिभेला लागताच ती झिणझिणली आणि मी थेट आईच्या बांगड्याच्या तिखल्यापाशी पोहोचलो. हे तिरफळ होते! तरुणाने बशीत ‘माक खेन’ आणून दाखवले. वायव्य व्हिएतनामच्या डोंगरांतील थाई जमातीच्या लोकांचा हा मसाला, आणि वनस्पती तीच. आपण तिरफळ माशाशिवाय फारसे वापरत नाही. तिथे ते मांसालाच अधिक लावतात, भाजून, कुटून. मी बशी कितीतरी वेळ नाकाशी धरून बसलो होतो.

गोड पदार्थ बेताचेच होते. बिल आले 40 लाख 82 हजार डोंगांचे: प्रत्येकी 18 लाख, त्यावर 5 टक्के सेवाशुल्क आणि मग 8 टक्के व्हॅट. म्हणजे साधारण साडेतेरा हजार रुपये. पत्नीने शून्ये दोनदा मोजली, मग बशीतली चार तिरफळे रुमालात बांधून घेतली.