अशोक आणि छिन शी हुआंग, एकाच गूगल डॉकमध्ये

प्राचीन भारत आणि प्राचीन चीन असा प्रोजेक्ट आला की ऑनलाइन ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, अर्ध्यांनी भारत घ्या, अर्ध्यांनी चीन, शेवटी पीपीटी जोडून टाकू. आमच्या एमएच्या ग्रुपमध्येही तेच सुचवलं गेलं आणि मी तिथेच नाही म्हटलं, कारण त्यातून दोन वेगवेगळे निबंध होतात, तुलना कुठेच होत नाही. मग ठरलं, सगळ्यांनी दोन्हीकडचं वाचायचं, आणि तेही पाठ्यपुस्तकातले धडे नाही तर राजांनी स्वतः दगडावर कोरून घेतलेलं.

राजे निवडायला वेळ लागला नाही. इ.स.पू. २४६ मध्ये चीनमधल्या छिन राज्याच्या गादीवर १३ वर्षांचा मुलगा बसला तेव्हा इकडे अशोक राज्य करत होता, आणि अशोक गेला साधारण इ.स.पू. २३२ ला, म्हणजे काही वर्षं हे दोघं एकाच वेळी राजे होते! तोच मुलगा पुढे इ.स.पू. २२१ मध्ये बाकीची सगळी राज्यं जिंकून छिन शी हुआंग म्हणजे पहिला सम्राट झाला, देशभर फिरला आणि डोंगराडोंगरांवर आपले लेख उभारत गेला.

कॉलवर आम्ही एकच डॉक उघडतो. एका कॉलममध्ये अशोक, दुसऱ्यात छिन, तिसऱ्यात ज्याला जे सुचेल ते. अशोकासाठी त्याच्या शिलालेखांची हुल्त्श ह्या अभ्यासकाने काढलेली १९२५ ची आवृत्ती स्कॅन केलेली मिळते आणि चिनी मजकूर चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट ह्या वेबसाइटवर फुकट आहे. ग्रुपमध्ये कोणाची प्राकृत बरी आहे, कोणी चिनी शिकतंय, दोन्ही येणारं एकही जण नाही, त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा पुढे सरकत नाही आणि मला तर हेच फार आवडतं.

सगळ्यात भारी गोष्ट अशीच सापडली. ताई पर्वतावरच्या इ.स.पू. २१९ च्या लेखात म्हटलंय की सम्राट पहाटे उठतो, रात्री उशिरा झोपतो, कारभारात ढिलाई करत नाही. हे वाचून होतंय तोवर अशोकवाल्या मुलीने त्याच्या क्रमांक दिलेल्या मोठ्या शिलालेखांपैकी सहावा लेख पेस्ट केला, मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, बागेत असेन, लोकांचं काम माझ्यापर्यंत कधीही आणा, कितीही काम केलं तरी माझं समाधान होत नाही. दोघंही आपण किती राबतो तेच सांगतायत! पण कशासाठी, तिथे वाटा फुटतात. अशोक म्हणतो मला जीवमात्रांचं ऋण फेडायचंय, आणि ताईच्या लेखात सम्राटाने घालून दिलेली घडी पुढच्यांनी कायम पाळायची आहे. वाटून घेतलं असतं तर ह्या दोन ओळी शेजारी आल्याच नसत्या.

मग कलिंगावरून खूप वाद झाला. तेराव्या लेखात अशोक सांगतो की दीड लाख माणसं तिथून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याचा मला पश्चात्ताप होतोय, पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख कोरलेलाच नाही, तिथे वेगळेच लेख आहेत. म्हणजे ज्यांना जिंकलं त्यांनाच ते ऐकवलं नाही का? माझं स्पष्ट मत आहे की अशोकाला संत म्हणून सोडून द्यायचं नाही, राज्यकर्ता म्हणूनही वाचायचं. आणि छिन शी हुआंगलाही नुसता जुलमी म्हणून मोडीत काढायचं नाही, कारण त्याच्याबद्दलचं बरंचसं आपल्याला सिमा छ्यान ह्या इतिहासकाराकडून कळतं आणि तो नंतरच्या हान राजवटीतला, म्हणजे आधीच्या राजवटीबद्दल तटस्थ असेलच असं नाही. गंमत म्हणजे ताईचा तो कौतुकाचा मजकूरही त्यानेच उतरवून ठेवला म्हणून आज आपल्या हातात आहे.

लिपीचंही तसंच. छिनने सगळीकडे एकच लिपी लावली, अशोकाने मात्र ब्राह्मी, खरोष्ठी, कंदहारला तर ग्रीक आणि अरामी. सोपाऱ्याकडच्या नवव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, ग्रुपमधल्या एकाने त्याचे फोटो टाकले आणि आम्ही कॉलवर एकेक ब्राह्मी अक्षर लावत बसलो, वेळेचं भानच राहिलं नाही.

आता छिन शी हुआंगचा लांग्या इथला लेख घेतोय. त्यात शेतीला वर चढवून व्यापाराला दाबायची भाषा आहे आणि मला ती सोपाऱ्यासारखं बंदर ज्याच्या राज्यात होतं त्या अशोकाच्या लेखांशेजारी ठेवून वाचायचीय. कोणाला प्राकृत किंवा चिनी थोडीफार येत असेल तर खरंच या, डॉकची लिंक देते.