दोन भोकांच्या मधला हात

गेल्या महिन्यात एका रिळावर काम करताना जे झालं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. काम साधं होतं, माझ्या जुन्या प्रोजेक्टरचं चित्र सुधारायचं. मी त्याच्या गेटला, म्हणजे फिल्म ज्या खिडकीपुढून सरकते त्या भागाला, कानस लावली आणि एका कुटुंबाने साठ वर्षं पाहिलेल्या फिल्ममध्ये कोणीच न पाहिलेला एक हात निघाला.

मी घरगुती जुन्या फिल्म्स डिजिटल करून देते. पुष्कळांना वाटतं, प्रोजेक्टर लावायचा, भिंतीवर चित्र पाडायचं आणि समोर कॅमेरा धरायचा, की झालं. अशा कॉप्या माझ्याकडे सतत येतात. मधोमध पांढरा डाग, कोपरे काळे, चित्र सारखं लुकलुकतं आणि माणसं पळाल्यासारखी चालतात. पळतात, कारण सेकंदाला 16 फ्रेम्सने घेतलेली फिल्म कोणी तरी विचार न करता 25 ने चालवलेली असते. लुकलुकतं, कारण प्रोजेक्टरच्या शटरला, म्हणजे उजेड झाकणाऱ्या फिरत्या चकतीला, तीन पाती असतात, म्हणजे सेकंदाला 48 वेळा उजेड आणि 48 वेळा अंधार. डोळ्याला ते चालतं, 25 किंवा 30 फ्रेम्स घेणाऱ्या कॅमेऱ्याला नाही. हे माहीत नसणं मी समजू शकते. पण याचे पैसे घेऊन वर 'फिल्मच खराब आहे' असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फिल्म बहुतेक वेळा चांगलीच असते.

ते रीळ घेऊन आलेल्या काकांच्या हातातही तशीच एक कॉपी होती. सोबत रेग्युलर एटची, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मची, नऊ रिळं. सुपर एट 1965 मध्ये आलं, ही त्याच्या आधीची पद्धत, 1932 पासूनची. एका डब्यावर त्यांच्या वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'आधाराशिवाय उभा'. काका म्हणाले, "हा मी. दहा महिन्यांचा. एवढं एक रीळ नीट होऊ दे, बाकीची राहिली तरी चालतील." मग हसून म्हणाले, "ताई म्हणते, मी धरलं होतं म्हणून हा उभा राहिला. लहानपणापासून भांडतोय आम्ही यावर. ही फिल्म लावली की ती गप्प बसते."

माझा प्रोजेक्टर आता नावापुरता प्रोजेक्टर उरलाय. मूळचा दिवा मी कधीच काढला. त्याच्या उष्णतेने फिल्म गेटमध्ये फुगते आणि फोकस हलतो, शिवाय कंडेन्सरमुळे, म्हणजे उजेड एकवटणाऱ्या भिंगांमुळे, सगळा उजेड मध्यावर जमतो. त्या जागी पांढरा एलईडी आणि त्याच्यापुढे दुधी अॅक्रिलिकचा तुकडा बसवलाय. उजेड पसरला की कोपरे उजळतात आणि फिल्मच्या पाठीवरचे ओरखडे निम्मे तरी दिसेनासे होतात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर याचा आणखी एक परिणाम होतो. तिच्यातले चांदीचे कण उजेड विखुरतात. त्यामुळे सरळ किरणांत ती कडक दिसते आणि पसरट उजेडात मऊ. लोक म्हणतात, "फिकी वाटते." फिकी नसते, सावल्यांमधलं जे आजवर काळ्यात बुडालेलं होतं ते दिसायला लागलेलं असतं. गडदपणा नंतर हवा तेवढा वाढवता येतो.

एलईडीला साधा डिमर लावू नये, हे मी एक अख्खं रीळ वाया घालवून शिकले. तो डिमर उजेड कमी करत नाही, दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि चित्रावर आडवे पट्टे येतात. स्थिर करंट देणारा ड्रायव्हरच हवा.

शटरची पाती काढून टाकली. मोटर बदलून गिअरची संथ मोटर लावली, सेकंदाला दोन फ्रेम्स. मुख्य दांड्यावर एक छोटं चुंबक आणि शेजारी सेन्सर. दांडा एक फेरा फिरला की कॅमेऱ्याला इशारा जातो आणि एक फोटो निघतो. चुंबकाची जागा ठरवण्यात माझे तीन दिवस गेले होते. फिल्म खाली ओढणारा पंजा तिच्या कडेच्या भोकातून बाहेर पडून परत वर जात असतो, तेवढाच वेळ फिल्म स्थिर असते, आणि इशारा त्याच वेळात पडायला हवा. जरा आधी पडला तर चित्र उभं ओघळतं. पन्नास फुटांच्या रिळात चार हजार फ्रेम्स असतात. पडद्यावर चार मिनिटांत संपणारं रीळ माझ्याकडे अर्धा तास चालतं.

प्रोजेक्टरची लेन्सही काढली. तिच्याजागी बेलोजवर, म्हणजे घड्यांच्या लांबवता येणाऱ्या नळीवर, एनलार्जरची लेन्स, उलटी लावलेली. ती लेन्स लहान निगेटिव्हवरून मोठा कागद भरण्यासाठी घडवलेली असते. इथेही लहानावरून मोठं करायचं असतं, म्हणून निगेटिव्हकडची बाजू फिल्मकडे आणि कागदाकडची कॅमेऱ्याकडे. छिद्र बारीक केलं की चित्र तीक्ष्ण होतं, हा नेहमीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. पाचपट मोठं करताना लेन्सवरचा छिद्राचा आकडा (जितका मोठा तितकं छिद्र बारीक) 5.6 असला तरी 33 च्या आसपास वागतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. मी 4 वर थांबते. फोकस चेहऱ्यावर करत नाही, फिल्मच्या दाण्यावर करते. मूळ चित्रच हललेलं असेल तर चेहरा फसवतो, दाणा फसवत नाही.

एवढं सगळं जमलेलं असूनही काकांचं रीळ उड्या मारत होतं. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला होता, म्हणजे फिल्मची पट्टी ज्याची बनते ते अॅसिटेट कुजायला लागलेलं होतं आणि फिल्म आक्रसलेली होती. रेग्युलर एटच्या एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत 3.81 मिलिमीटर अंतर असतं. फिल्म एक टक्का आक्रसली तर दर फ्रेमला चार शतांश मिलिमीटर चुकतात. ऐकायला काहीच नाही, पण चित्राची उंचीच साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे उडी स्पष्ट दिसते. त्यातून आधीच्या कॉपीवाल्याच्या यंत्राने काही भोकांच्या कडा फाडलेल्या. यावर उपाय एकच, प्रत्येक फोटोत भोक दिसलं पाहिजे. मग संगणकात सगळी भोकं एका जागी आणता येतात आणि चित्र आपोआप स्थिर होतं.

पण भोक दिसत नव्हतं. प्रोजेक्टरच्या गेटची खिडकी मुद्दाम कॅमेऱ्याच्या चौकटीपेक्षा लहान कापलेली असते. कडेचे केस, धुरकट किनार, भोकं, यातलं काही पडद्यावर येऊ नये म्हणून. ती खिडकी मोठी करायची हे मी दोन वर्षं टाळत होते, कारण कापलेला धातू परत जोडता येत नाही.

त्या दिवशी सकाळी गेट सोडवून बाहेर काढलं. आधी लाकडी काडीने जुन्या इमल्शनचे, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या लेपाचे, चिकट थर खरवडले. इथे धातूचं हत्यार कधीही लावू नये, एक चरा पडला की पुढच्या प्रत्येक फिल्मवर रेघ उमटते. मग सुईसारखी बारीक कानस घेऊन भोकांच्या बाजूची कड उघडायला लागले. दहा वेळा घासायचं, भिंगाखाली बघायचं, परत दहा वेळा. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर घसरते त्यांना हात लावायचा नाही, फक्त खिडकीची कड. शेवटी 2000 नंबरचा पॉलिश पेपर, तेल लावून, बोट फिरवल्यावर काहीही लागेनासं होईपर्यंत. उघड्या पडलेल्या चकचकीत धातूला मंद काळा रंग, नाही तर त्याचा परावर्तित उजेड चित्राच्या कडेवर सांडतो. साडेचार तास लागले. त्या कडेचा मला अभिमान आहे. तिच्यावरून तेव्हापासून कित्येक रिळं गेली आणि एकावरही रेघ नाही.

दुपारी रीळ लावलं. माझ्या मांडणीत चित्र डोक्यावर उलटं आणि आरशातल्यासारखं येतं. नुसतं फिरवून भागत नाही, फिरवलं तर डावं उजवीकडे जातं. वर-खाली पालटावंच लागतं. त्यामुळे पहिल्यांदा मला जे दिसलं ते उलटं दिसलं. जमिनीवर उभं बाळ, मागे भिंत, आणि डाव्या कडेला, आजवर गेट झाकत होतं त्या पट्टीत, चार बोटं. बाळाच्या झबल्याची मागची कड त्या बोटांत धरलेली. आधी वाटलं फाटलेल्या इमल्शनचा आकार असेल. पुढच्या फ्रेममध्ये बोटं हलली.

रेग्युलर एटमध्ये भोकं दोन फ्रेम्सच्या सीमेवर येतात, म्हणजे दोन भोकांमध्ये चित्राच्या मध्याच्या उंचीला रिकामी जागा असते. काही कॅमेऱ्यांत पंजासाठी गेटला कापलेल्या खाचेतून उजेड शिरतो आणि त्या जागेतही चित्र उमटतं, पुसट. तिथे मनगट होतं आणि बाहीचा काठ. हात लहान होता. सहा-सात वर्षांच्या मुलाचा असेल.

चित्र पालटून, भोकं जुळवून, सोळाच्या गतीने चालवून पाहिलं. नऊ सेकंदांचा तुकडा आहे. पहिले सात सेकंद झबलं ताणलेलं आहे. मग बोटं सुटतात, बाळ एक क्षण खरंच एकटं उभं राहतं आणि बसतं.

मला तेव्हापासून छळतंय ते वडिलांचं. या कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर लेन्सपासून बाजूला असतो आणि साधारण तेवढंच दाखवतो जेवढं पुढे पडद्यावर येणार. त्यांनी चौकट लावली तेव्हा हात तिच्याबाहेर होता. पण ते त्याच खोलीत उभे होते. मुलगी कुठे बसलीय हे त्यांना दिसतच होतं. ती बाहेर राहील अशी चौकट त्यांनी बांधली, तिलाही कदाचित सांगितलं असेल की जरा सरक, आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली. गेट उघडताना मी यंत्राची एक मर्यादा काढत होते. ती कोणाच्या तरी निर्णयाची कड होती, हे मनातही आलं नव्हतं.

आमच्या कामात दोन मतं आहेत. एक म्हणतं, फिल्मवर आहे ते सगळं घ्या, भोकांसकट. दुसरं म्हणतं, काढणाऱ्याने जे दाखवायचं ठरवलं तेवढीच फिल्म. मी नेहमी पहिल्या बाजूने तावातावाने बोलत आले. त्या संध्याकाळी मात्र पडद्यावर दिसायचं तेवढीच चौकट ठेवून कापलेली प्रत तयार केली, ती उत्तम झाली, आणि पूर्ण चौकटीची प्रत देऊच नये असं अर्धा तास तरी वाटत राहिलं. काकांनी मागितली नव्हती. पण आधीच्या माणसाने फिल्मबद्दल खोटं सांगितलं म्हणून मी चिडलेले, आणि आता मीच गप्प राहणार, हे मला जमेना.

ते आले तेव्हा आधी कापलेली लावली. खूश झाले. "भिंतीवर कॅलेंडर होतं हे आजच कळलं," म्हणाले. मग मी सांगितलं की आणखी एक प्रत आहे, तिच्यात कडेचं थोडं जास्त दिसतं, बघायची का ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले, "लावा ना."

नऊ सेकंद संपले. त्यांनी काही न बोलता परत लावायची खूण केली. चार वेळा पाहिलं. चौथ्या वेळी स्क्रीनजवळ जाऊन त्या हातावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही नंतर घातलेलं नाही ना?" मी रीळ काढून, भिंगाखाली धरून त्यांना फिल्मवरच दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. जाताना म्हणाले, "मुलांसाठी पहिली द्या. ही दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर द्या."

ती दुसरी प्रत ते कपाटात ठेवून देतील असं मला वाटलं होतं. आठवड्याने एका बाईंचा फोन आला. नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, "तो हात माझा." आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. त्यांना एकच विचारायचं होतं : हाताच्या पलीकडे काही आहे का, चेहरा कुठे येतो का.

मी तो तुकडा परत लावला. 144 फ्रेम्स, एकेक करून. मनगटाच्या वर-खाली भोकं आहेत आणि पलीकडे फिल्मची कड. तिथे काहीच नाही. फक्त शेवटच्या फ्रेममध्ये वडिलांनी बटण सोडताना कॅमेरा डावीकडे हललाय. चावीचा कॅमेरा थांबताना ती फ्रेम जास्त वेळ उघडी राहते, त्यामुळे ती जवळजवळ पारदर्शक झालेली असते, आणि पारदर्शक फिल्ममधून काही परत आणता येत नाही. तरीही एलईडी अगदी मंद करून पाच वेगवेगळ्या एक्स्पोजरना ती घेतली. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक राखाडी डाग आहे. केस असू शकतील. सावलीही असू शकेल.

मी त्यांना फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. पाठवा." काही न कापता, भोकांसकट पाठवली.