जहाजातली भुतं आणि वाटीतले चिंचोके : पावसाळ्यातले तीन खेळ

मंडळी, मागच्या नोंदीत म्हटलं होतं की झपाटलेल्या जहाजांचे सिनेमे घरी लावायचे आणि बघणाऱ्यांना नेमकी कुठे भीती वाटते ते टिपायची काहीतरी पद्धत बसवायची. या पावसाळ्यात तीन खेळ झाले. दोनदा ‘भूत पार्ट वन : द हाँटेड शिप’ आणि एकदा २००२ चा ‘घोस्ट शिप’. पद्धत आता बऱ्यापैकी बसलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सिनेमा संपल्यावर मत विचारण्यात अर्थ नाही, हे मला आधीच कळून चुकलं होतं. दिवे लागले, चहा आला की सगळे शूर होतात. “पहिला हाफ बरा होता, नंतर ढेपाळला” एवढंच ऐकायला मिळतं. मत खोटं नसतं, पण त्यातली भीती पुसून गेलेली असते. म्हणून प्रत्येकाच्या हातात वीस चिंचोके द्यायचे आणि पुढ्यात एक वाटी ठेवायची. छातीत धस्स झालं की एक चिंचोका वाटीत टाकायचा. मी पडद्याकडे पाठ करून, वही घेऊन माणसांकडे तोंड करून बसतो आणि कुणाचा हात कितव्या मिनिटाला हलला ते लिहितो.

पहिल्या खेळाची सगळी आकडेवारी मी फाडून टाकली. स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. अंधारात एकाचा चिंचोका टणकन वाजला की बाकीचे पाच जण दचकायचे आणि मग त्यांचेही चिंचोके पडायचे. दुसऱ्या खेळापासून वाटीच्या तळाला कापसाचा जाड थर घातला. आता आवाज शून्य. कुणी असं काही करणार असेल तर हे आधी करा.

‘भूत’ पुन्हा लावण्याचं कारण आपल्यातल्या जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. जून २०११ मध्ये ‘एमव्ही विज्डम’ नावाचं जहाज कोलंबोहून गुजरातमधल्या अलंगला भंगारात काढायला ओढून नेत होते. वाटेत दोर तुटला आणि ते जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. आत एकही माणूस नव्हता. जवळपास तीन आठवडे ते तिथे होतं. सिनेमाची कल्पना तिथूनच निघाली. मी तेव्हा भर पावसात बघायला गेलो होतो. लांबून मोठं वाटलं नाही. जवळ गेल्यावर मान वर करत राहिलो तरी कठडा येईना. गंजाचे ओघळ, आणि लाट आदळली की पोकळ पत्र्यातून खोल घुमल्यासारखा आवाज. भोवती कणसंवाले, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, अशी जत्राच होती. पण तो आवाज आला की सगळे एक क्षण गप्प व्हायचे. जहाजाच्या भयपटाचं माझं वेड तिथून सुरू झालं.

दुसऱ्या खेळाला पाच जण होते. भाचा, वहिनी, शेजारचं जोडपं आणि माझे मामा. मामा बत्तीस वर्षं बोटीवर फिटर होते. भुताखेतांचे सिनेमे ते बघत नाहीत, मी हट्टाने बसवलं. या वेळी सिनेमाआधी सगळ्यांना दुसऱ्या एका जहाजाची गोष्ट सांगितली. ‘एमटी पवित’, छोटा तेलवाहू टँकर. २०११ च्याच जूनअखेर ओमानजवळ त्यात पाणी शिरलं, खलाशांची सुटका झाली, टँकर सोडून दिला. बुडाला असेल असंच सगळे धरून चालले. आणि ३१ जुलैला तो जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागला. महिनाभर अरबी समुद्रात कुणी नसताना तरंगत, भर पावसाळ्यात. विज्डमला हलवून जेमतेम महिना झाला होता. गोष्ट संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “सिनेमा राहू दे, मला आत्ताच कसंतरी होतंय.”

मग सिनेमा लावला. एकूण ४१ चिंचोके पडले, त्यातले २९ मध्यंतराच्या आधी. म्हणजे “पहिला हाफ बरा” हे सगळ्यांचं मत वाटीतही उतरलं. पण ते कशावर पडले हे बघितल्यावर मी वही दोनदा तपासली. भूत स्पष्ट दिसतं तिथे फार थोडे. विकी कौशल टॉर्च घेऊन एकटा ‘सी बर्ड’ या सिनेमातल्या जहाजाच्या आत फिरतो, काहीच घडत नाही, तिथे सगळ्यात जास्त. प्राध्यापक झालेला आशुतोष राणा येतो, मंत्र सुरू होतात, भुताचा पूर्वेतिहास उलगडतो, आणि वाट्या शांत. भाच्याने मला नेमकं सांगितलं, “मामा, भुताची अख्खी फाइलच उघडून दाखवली. मग घाबरायचं कशाला?” मला हे शंभर टक्के पटतं. राणाबद्दल माझी तक्रार नाही, तो माणूस मिळालेल्या कामात जीव ओततो. पण जुहूला आम्ही गप्प झालो होतो ते आत कोण आहे हे माहीत नव्हतं म्हणून. सिनेमाकडे ते जहाज होतं आणि त्यांनी ते बाजूला ठेवून मंत्रतंत्राची ओळखीची वाट धरली, याचं मला आजही वाईट वाटतं.

वहिनींचे चिंचोके वेगळेच. नायकाची बायको आणि मुलगी राफ्टिंगच्या अपघातात गेलेली असतात आणि त्याला घरात दिसत राहतात. वहिनींचे निम्मे चिंचोके जहाजावर नाही, त्या घरातल्या प्रसंगांवर पडले. “भूत जहाजात होतं, पण तो माणूस घरी जातो तेव्हा मला जास्त भीती वाटत होती,” म्हणाल्या.

आणि मामा. मामांचे सात चिंचोके पडले. त्यातले पाच इतर कुणाचाही हात हलला नव्हता अशा जागी. मला वाटलं, चुकून पडले. चहा घेताना विचारलं तर म्हणाले, “तो एकटा आत जातो ना, तिथे टाकला. बाहेर तोंडाशी कुणी उभं नाही, हातात मीटर नाही.” मग त्यांनी समजावून सांगितलं. बंद पडलेल्या जहाजात टाक्या, कप्पे महिनोन्‌महिने बंद असतात. लोखंड गंजतं तेव्हा त्या कोंडलेल्या हवेतला प्राणवायू खात राहतं. वास येत नाही, डोळे झोंबत नाहीत. माणूस शिडीने उतरतो, दोन पावलं टाकतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच. म्हणून आधी झाकणं उघडून ब्लोअर लावायचा, मीटरने हवा तपासायची आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, त्याने काही झालं तरी मदत आल्याशिवाय आत उतरायचं नाही. “भूत दिसल्यावर मी उलट सुटकेचा श्वास सोडला,” मामा म्हणाले, “म्हटलं चला, याला अजून शुद्ध आहे.”

ते हसत नव्हते. बशीतला चहा गार होईपर्यंत हातात धरून बसले होते. कुणाची तरी आठवण आली असावी, मी विचारलं नाही.

तिसरा खेळ ‘घोस्ट शिप’. स्टीव्ह बेकचा हा सिनेमा आपल्यातल्या बहुतेकांचा पाठ आहे. ‘अँटोनिया ग्राझा’ हे त्यातलं इटालियन जहाज दिसायला १९५६ मध्ये नँटकेटजवळ टक्कर होऊन बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिया’वर बेतलेलं. सात प्रेक्षक, ३८ चिंचोके, त्यातले १५ पहिल्या दहा मिनिटांत. अपेक्षितच होतं. गुलाबी, वळणदार अक्षरांत नाव येतं, लाल झग्यातली गायिका गाते, १९६२ सालची नाचाची रात्र, आणि पोलादी दोर सटकन पूर्ण फ्लोअरवरून निघून जातो. पण वही काय सांगते बघा. रक्त दिसायला लागलं तेव्हा दोनच पडले. दोर गेल्यावर सगळे नाचणारे तसेच उभे असतात, काय झालं ते त्यांनाही कळलेलं नसतं, त्या दोन-चार क्षणांत बाकीचे. लहान मुलगी उंचीने बुटकी म्हणून वाचते आणि मान वर करून बघते, तिथे शेजारच्या ताईंनी एकदम तीन टाकले. पुढच्या सव्वा तासात जहाजावर सापडलेलं सोनं, खलाशी, भांडणं. सगळ्यांचं मत एकच, सुरुवातीनंतर तसं पुन्हा काही जमलं नाही. शेवटच्या भागात मात्र मला एक वेगळी नोंद मिळाली.

आत्या आमच्याकडे राहायला आली होती. तिला बोटीचा सिनेमा नको होता, ती स्वयंपाकघरात बसली. आमच्या घरी ‘रामदास’ बोटीचं नाव कुणी सहज काढत नाही. १७ जुलै १९४७, गटारीला गावी जायला लोक भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाले होते. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात आत्याचा सख्खा काका होता. तो सापडलाच नाही.

सिनेमा संपत आला तसं तिने दारातून विचारलं, “बुडते का रे शेवटी?” मी म्हटलं, हो. मग ती पदर खांद्यावरून घेऊन चौकटीला टेकून उभी राहिली. जहाज फुटतं, खाली जायला लागतं आणि आत अडकलेले सगळे आत्मे पाण्यातून वर, उजेडाकडे निघतात. भाच्याला तो शेवट बाळबोध वाटतो, मलाही आजवर तसाच वाटायचा. आत्याने हात जोडले. “सुटली बिचारी,” म्हणाली आणि कुकर बघायला आत गेली.

त्यानंतर शेवटचा प्रसंग आहे, आपल्याला माहीत आहे तो. किनाऱ्यावर रुग्णवाहिकेतून नायिका बघते आणि तेच सोनं, म्हणजे तोच सापळा, पुन्हा एका जहाजावर चढत असतं. आत्याला मी तो सांगितला नाही. वहीत तिच्या नावापुढे चिंचोक्यांची जागा मोकळी ठेवलीय.