सहा कोटी दिवसांची मजुरी

मी पाळक म्हणून घेतो त्या दृढीकरणाच्या वर्गात (लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं इथे आपला विश्वास स्वतः कबूल करायला शिकतात) पहिल्या दिवशी प्रश्न ठरलेला असतो. वहीचा चतकोर कागद, पाच मिनिटं आणि एकच वाक्य लिहायचं : ख्रिस्ती विश्वासाचं सार काय? लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, त्या शुक्रवारी वर्गाला अकरा मुलं होती, चौदा ते सतरा वयाची. नऊ चिठ्ठ्यांवर ‘सर्वांवर प्रीती करा’ किंवा त्याचंच भावंड : खोटं बोलू नये, शत्रूचंही भलं करावं. एकाने दहा आज्ञा लिहायला घेतल्या होत्या, सातव्याला अडला होता. अकरावी चिठ्ठी कोरी.

उत्तरं खोटी नव्हती. पण ‘चांगलं वागा’ एवढंच सांगायचं असतं तर येशूच्या वधस्तंभाची गरज काय होती? तसं सांगणारे आपल्या मुलखात गावोगाव होऊन गेले आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकात ते आहेतही. आपल्या शब्दाकडे नीट पाहिलं तरी पुरे : सुवार्ता. म्हणजे वार्ता, बातमी. काहीतरी घडून गेलंय, ते कळवायचंय. आधी बातमी, मग वागणूक. हा क्रम उलटला की विश्वासाचं ओझं होतं. बरीच मंडळी वर्षानुवर्षं ते ओझं वाहतात आणि त्यालाच धार्मिकपणा समजतात.

हा क्रम फळ्यावर मांडायला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय फार सोयीचा. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू सातावरून त्याला सत्तरांच्या पटीत नेतो (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सत्त्याहत्तर की सत्तर गुणिले सात, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही) आणि एक दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो. राजाचा एक चाकर दहा हजार तालांत देणं लागतो. राजा ते सोडतो. चाकर बाहेर पडतो, शंभर दिनार देणं लागणारा सोबती त्याला भेटतो, आणि हा त्याचा गळा धरतो.

इथे बहुतेक उपदेशक ‘खूप मोठं कर्ज’ आणि ‘थोडं कर्ज’ म्हणून पुढे जातात आणि दाखल्याचा जीवच निघून जातो. आकडे मांडायलाच हवेत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात तोच दर आहे. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. म्हणजे दहा हजार तालांत झाले सहा कोटी दिनार, सहा कोटी दिवसांची मजुरी. मुलांनी आजचा दर 400 रुपये धरला. फळ्यावर 2,400 कोटी आले. वर्षाचे 300 दिवस कामाचे धरले तर फेडायला दोन लाख वर्षं. आणि सोबत्याचं देणं? 40,000 रुपये.

तुलनेसाठी आणखी एक आकडा सांगतो. त्या काळचा इतिहासकार योसेफस लिहितो की तिथला राज्यकर्ता हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला 200 तालांत महसूल मिळत असे. चाकराचं देणं म्हणजे त्याचा पन्नास वर्षांचा महसूल. ग्रीकमध्ये दहा हजार हा सर्वांत मोठा संख्यावाचक शब्द आणि तालांत हे सर्वांत मोठं माप, म्हणून ऐकणारे हसले असतील. ‘मला सवड द्या, मी सगळं फेडीन’ हे चाकराचं बोलणं त्यामुळेच हास्यास्पद आहे. माणूस देवापुढे उपास, नवस, दानधर्म घेऊन उभा राहतो तेव्हा तो हेच वाक्य बोलत असतो.

आणि 40,000 ही काही चिल्लर नव्हे. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर घर हलतं. दाखला दुखावलेल्या माणसाला ‘एवढं काय त्यात’ म्हणत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं.

फळ्यावर एवढं झालं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. मुलीला न्यायला आलेला एक शेतकरी बाप तिथे टेकला होता. गाव मुळा कालव्याच्या पाण्यावरचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नाव गाळतो. दोघा भावांना विचारून लिहितोय. हा थोरला. गेले चार महिने दोघेही दर रविवारी उपासनेला यायचे, पण प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या) रविवारी थोरला दानानंतर उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं : धाकट्याशी पैशांवरून भांडण.

“पाळकसाहेब, ते चोवीसशे कोटी गेले कुठं?”

मुलं हसली. तो हसला नाही.

“म्हंजे माफ केले म्हणता. पर पैसा काय हवेत जात नसतो. चाकरानं दिला नाही तर कुणाचा तरी गेलाच ना?”

“राजाचा.”

“मग फुकट कुठं झालं? राजाला पडलं.”

वधस्तंभ समजावताना शिकलेली माणसं अडखळतात ती नेमकी इथे. देव नुसतं ‘जा, सोडलं’ का म्हणत नाही, कोणी मरायची काय गरज? उधारी दिलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याला माहीत असतं की सोडलेलं प्रत्येक कर्ज कोणाच्या तरी अंगावर येतं. क्षमा करणारा तो तोटा स्वतःच्या खात्यावर घेतो. ख्रिस्ती विश्वास सांगतो की वधस्तंभावर देवाने तो स्वतःवर घेतला. राजाला पडलं, या तीन-तीन अक्षरी दोन शब्दांत त्या माणसाने ते मांडलं होतं. फळा पुसताना तेवढी ओळ मी ठेवली.

प्रेषित पौल बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात यासाठी जो शब्द वापरतो तो बाजारातलाच आहे : खेइरोग्राफोन, हाताने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. ती देवाने खोडली आणि वधस्तंभाला खिळली, असं तो म्हणतो. (येशूच्या ‘पूर्ण झाले आहे’ या उद्गाराबद्दल मात्र एक गोष्ट फार फिरते, की त्या काळी फेडलेल्या पावत्यांवर तोच शब्द लिहीत. त्याचा पुरावा कच्चा आहे. व्यासपीठावरून सांगू नये.) मत्तयच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ‘ऋणे सोड’ म्हणतो, कारण येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता, होबा. लूकच्या शुभवर्तमानात त्याच ओळीच्या पहिल्या अर्ध्यात ‘पाप’ आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात माणसाचं येणं पुन्हा ऋणच.

चिठ्ठीचा विषय निघाल्यावर थोरल्याने बंडीच्या खिशातून छोटी डायरी काढली. कडा घामाने मऊ झालेल्या. एका पानावर धाकट्याचं नाव आणि खाली : मोटार, पाइप, मजुरी, एकूण 38,500.

फळ्यावर अजून 40,000 दिसत होते.

अशा वेळी पाळकाच्या हातून दोन चुका होतात. एक, तिथल्या तिथे ‘सोडून द्या, ख्रिस्ताने तुम्हाला सोडलं ना’ म्हणणं. क्षमा दुसऱ्याने दबाव टाकून करायला लावली की ती वसुली होते. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला हेच वाक्य ऐकवून परत धाडणारे मी पाहिलेत. तिथे आधी तिची सुरक्षितता आणि पोलीस, क्षमेचा विषय तिने काढला तर काढावा. दुसरी चूक, स्वतः लवाद होऊन आकडा ठरवणं. मग जो हरतो तो पाळकावर रुसतो आणि मूळ भांडण तसंच राहतं.

त्याच अध्यायात, दाखल्याच्या जरा वर, पायऱ्या दिल्या आहेत. आधी एकट्याने भावाकडे जा आणि दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात मंडळीत हे बरोबर उलटं चालतं. आधी प्रार्थनासभेत ‘या कुटुंबासाठी प्रार्थना करा’ म्हणून गोष्ट गावभर होते, मग पंचांच्या कानावर, मग सासुरवाडीला, आणि ज्याच्याशी भांडण त्याला सर्वांत शेवटी कळतं. चार महिन्यांत थोरल्याने हे सगळं केलं होतं. पहिली पायरी तेवढी राहिली होती. मी तेवढंच विचारलं, एकटे गेला होतात का? त्याने मुलीला माझ्या घरी बसवलं आणि मोटारसायकल काढली.

पाऊण तासाने दोघे आले. बोलणं आईच्या ऑपरेशनच्या खर्चावर अडलं होतं. आता दुसरी पायरी. साक्षीला एक पंच आणि एक निवृत्त गुरुजी, दोघांपैकी कोणाच्याच भावकीतले नाहीत. ही अट पाळावीच. धाकट्याकडेही वही निघाली. दोन्ही वह्यांत एकच गंमत होती : पानभर येणं, देणं एक ओळसुद्धा नाही.

गुरुजींनी दोन कोरे कागद दिले. म्हणाले, यावर प्रत्येकाने फक्त आपण काय देणं लागतो ते लिहायचं. दुसऱ्याचं नाही. वीस मिनिटं गेली. धाकट्याने मोटारीचे 38,500 लिहिले, एक पैसा कमी नाही. थोरल्याने आईच्या ऑपरेशनच्या 52,000 पैकी आपला निम्मा वाटा लिहिला, 26,000. वजाबाकी सोपी होती : 12,500.

ख्रिस्ती क्षमेत हिशोब बुडत नाही, हे इथे सांगायला हवं. जक्कय जकातदाराने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. मोशेच्या नियमशास्त्रात तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा अशी भरपाई ठरलेली आहे. क्षमा मिळाली म्हणून उधारी फिटली असं समजणारा माणूस राजाच्या चाकराच्याच जातीचा. गुरुजींनी पाचव्या हिश्शाचं सांगितल्यावर धाकटा म्हणाला, “मग पंधरा देतो. उसाचं बिल आलं की.” थोरला म्हणाला, “वरचे नकोत.”

एवढ्यावर उठले असते तर फक्त व्यवहार मिटला असता. पण धाकटा कागदाकडे बघत म्हणाला, “अन् गहू?”

नोव्हेंबरात थोरल्याने सामाईक विहिरीवरचा व्हॉल्व्ह बंद केला होता. धाकट्याच्या पाण्याच्या तीन पाळ्या चुकल्या, गहू पिवळा पडला. थोरल्याच्या कागदावर ते नव्हतं. पंच दर एकरी उतारा सांगायला लागले. गुरुजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ बाहेर फक्त पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. मग थोरला म्हणाला, “त्याचं काय लावू? तिसऱ्या पाळीला तू हाका मारत होतास. मी ऐकत होतो.”

त्याला आकडा नव्हता. धाकट्यानेही लावला नाही. “राहू द्या,” म्हणाला. गेले असतील तेवढे पैसे त्याचे गेले.

शनिवार प्रभुभोजनाच्या तयारीचा. दीडशे माणसांना, माणशी दहा-बारा मिलिलिटर धरून, दोन लिटरच्या आत रस पुरतो. त्याला तीन किलो काळी द्राक्षं. देठ काढून, धुऊन, कपभर पाण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटं; सालं फुटली की मलमलीतून गाळायचं. मिक्सर लावू नये, बिया फुटतात आणि रस कडसर होतो. रात्री फ्रीजबाहेर राहिला तर मार्चच्या उन्हाळ्यात सकाळी फेस आलेला असतो. 400 ग्रॅमचा एक ब्रेड, कडा काढून, स्लाइसचे सोळा तुकडे. उरलेला रस मोरीत ओतत नाहीत. सेवक मंडळी पितात, नाहीतर झाडाच्या मुळाशी.

आमच्या विधीत शांतीचं अभिवादन, म्हणजे एकमेकांचा हात हातात घेणं, दान अर्पण करण्याच्या आधी येतं. रोमन कॅथोलिक उपासनेत, मिस्सामध्ये, ते प्रभूच्या प्रार्थनेनंतर, प्रभुभोजनाच्या तोंडावर असतं. मला आमची जागा पटते, कारण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात तसंच आहे : वेदीपाशी आलास आणि भावाची तक्रार आठवली तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. एरवी त्या दोन मिनिटांत लोक शेजाऱ्याचा हात हलवतात आणि पर्स शोधू लागतात.

त्या रविवारी थोरला रांग ओलांडून पलीकडे गेला. दोन्ही हात पुढे केले. धाकट्याने हातात हात दिला, नजर मात्र खिडकीकडे. दोघेही मेजाशी आले, मधे चार माणसं सोडून. तुकडा घेताना थोरल्याची बोटं निळसर होती. देठ काढायला शनिवारी तोच बसला होता.

उपासनेनंतर कडुलिंबाखाली त्याने डायरी दाखवली. 38,500 वर रेघ मारून खाली 12,500 लिहिले होते. पान फाडायचा विचार होता, म्हणाला, पण मागच्या बाजूला खताच्या दुकानाची उधारी आहे. पपायरसवरची काजळीची शाई ओल्या बोळ्याने पुसली जायची, पौलाचा शब्दही पुसण्याचाच आहे. हे बॉलपेन होतं. रेघेआडचा 38,500 चा आकडा अजून वाचता येत होता.