दिवा लागला, पण जोड कच्चा

प्रयोगशाळेत पाहुणे आले की आम्ही एक प्रयोग हमखास दाखवतो. कृत्रिम हातासाठी आम्ही कापल्यावर स्वतः जुळणारी कातडी बनवतो; तिच्या पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) पट्टीतून वीज जाते आणि एक छोटा एलईडी पेटतो. ब्लेडने पट्टी कापली की दिवा विझतो. कापलेल्या कडा दाबून धरल्या की पुन्हा लागतो. त्या दिवशी कृत्रिम हात बसवणाऱ्या एक अनुभवी तंत्रज्ञ आल्या होत्या. दिवा लागल्यावर बाकीचे खूश झाले. त्यांनी मात्र विचारलं, "आता ओढून बघू का?" आणि ओढलीच. पट्टी नेमकी कापल्या जागी सुटली.

ही पट्टी दोन वेगवेगळ्या गतींनी बरी होते. तिच्यात निकेलचे सूक्ष्म कण आहेत. कडा टेकल्या, कणांना कण लागले की वीज वाहू लागते. ताकद यायला मात्र पॉलिमरच्या साखळ्यांनी कापाच्या पलीकडे सरकून नवे हायड्रोजन बंध, म्हणजे तुटले तरी पुन्हा जुळू शकणारे रेणूंमधले कमकुवत बंध, जोडावे लागतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधक झेनान बाओ यांच्या गटाने असंच निकेलमिश्रित पॉलिमर मांडलं होतं. त्याची विद्युतवाहकता १५ सेकंदांत सुमारे ९० टक्के परतली; यांत्रिक गुणधर्म पूर्ण यायला सुमारे १० मिनिटं लागली. आमची पट्टी जास्त चिवट आहे, म्हणून आणखी सावकाश जुळते. साखळ्या घट्ट बांधल्या की पदार्थ मजबूत होतो, पण त्यांची हालचाल मंदावते. या क्षेत्रातली खरी ओढाताण हीच आहे, आणि दिव्याच्या प्रयोगात ती अजिबात दिसत नाही.

बाईंचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "बोटाला चीर पडली म्हणून कोणी हातातलं काम टाकून कडा दाबत बसत नाही. चीर तशीच उघडी राहिली तर?"

दुपारी एक पट्टी कापून लगेच जोडली, दुसरी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवून मग जोडली. दोन्हींना जुळायला सारखाच वेळ दिला आणि ओढ-चाचणीच्या यंत्रात लावल्या. उशिरा जोडलेली बऱ्याच कमी ताणाला तुटली. फ्रान्समधले संशोधक ल्युडविक लाइब्लर यांच्या गटाने २००८ मध्ये स्वतः जुळणारं रबर मांडलं, तेव्हाही हेच दिसलं होतं. कापलेल्या पृष्ठभागावर मोकळे झालेले बंध समोरच्या कडेची वाट पाहत थांबत नाहीत, शेजारीच जोडीदार शोधतात. शिवाय खऱ्या वापरात धूळ आणि तेलकटपणाही असणारच.

मला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. या कातडीला स्पर्श कळावा म्हणून आम्ही तिच्यातून वीज खेळवतो. वीज परतली की यंत्रणा समजते, कातडी धड आहे. जोड कच्चा असताना हात वजन उचलायला निघेल आणि सावध करणारं कोणी नसेल.

आता आम्ही जोड हलकेच ताणून विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजतो. कच्च्या जोडात कण लवकर दुरावतात, रोध एकदम चढतो. ही उडी हाताच्या नियंत्रकाला इशारा म्हणून देता येईल का, यावर काम चालू आहे. पाहुण्यांसमोरही दिवा लागल्यावर आम्ही पट्टी ओढूनच दाखवतो.