टू गन्सचे दगडी पिंजरे

आज अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टू गन्स हे ओसाड गाव पाहिलं. फ्लॅगस्टाफ शहरातून आय-४० महामार्गाने पूर्वेला साधारण ५० किलोमीटर, एक्झिट २३०. कॅन्यन डियाब्लो या खोल घळीच्या ऐन कडेवर, रूट ६६ या जुन्या महामार्गाच्या काळातलं प्राणिसंग्रहालय. ‘माउंटन लायन्स’ (म्हणजे प्यूमा) ही रंगवलेली अक्षरं दर्शनी भिंतीवर अजून वाचता येतात. त्यांच्याभोवती स्प्रे मारणाऱ्यांचा मनापासून राग येतो. १९७१ च्या आगीत इथलं बरंच गेलं.

भिंती ओबडधोबड दगडांच्या. दरजांतला माल झडला की वरचा थर सुटतो, म्हणून टेकू नका, चढू तर मुळीच नका. कडेला कठडा नाही. १९१५ चा काँक्रीट कमानीचा पूल मात्र आवर्जून बघा. जागा खासगी आहे. मनाईचा फलक दिसला तर बाहेरूनच पाहा. पाणी भरपूर न्या, बूट घोट्यापर्यंतचे घाला.