रेवदंडा-कोर्लई : आधी डोंगर, मग गाव

आम्ही उलटं केलं, तुम्ही करू नका. अलिबागहून टमटमने थेट रेवदंड्यात उतरलो आणि पोर्तुगीजांचा किल्ला कुठाय म्हणून एका मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे उभा कुठे आहेस, किल्ल्यातच की!" खरंच, गावच तटाच्या आत आहे, डांबरी रस्ता तट फोडून आत येतो, आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये चर्चच्या भिंती उभ्यायत. सातखणी मनोराही त्यातच, नावात सात खण असले तरी आता तेवढे उरलेले नाहीत, आणि पायाशी कोणीतरी नारळाची सोडणं वाळत घातली होती.

पण हे सगळं इथंच का, ते कळलं दुपारी खाडीपूल ओलांडून कोर्लईचा डोंगर चढल्यावर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, समोर रेवदंडा अगदी तळहातावर ठेवल्यासारखं. म्हणजे हा डोंगर ज्याच्या हातात, त्याच्या तोफांखाली रेवदंडा आणि खाडीचं तोंड. पोर्तुगीजांनी 1521 नंतर खाली कोट बांधला आणि डोंगर मोकळा ठेवला (कमाल आहे!), मग 1594 ला अहमदनगरच्या निजामशाहीने वर तटबंदी सुरू केल्यावर धावाधाव झाली आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती लढून घेतली. पुढे 1740 मध्ये दोन्ही मराठ्यांकडे गेले.

फिरंगी गेले तरी भाषा राहिली बरं का. पायथ्याच्या कोर्लई गावात ख्रिश्चन कुटुंबं अजून पोर्तुगीजमधून निघालेली बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. दुकानात दोन आज्या बोलत होत्या, मला वाटलं कोकणी असेल, एक शब्द कळेना, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं म्हणून कानाला ओळखीचं वाटत राहतं. मोबाईल काढून रेकॉर्ड करायला लागू नका, आधी विचारा.

जायचं कसं : गेटवेहून मांडवा लाँच (पावसाळ्यात बंद, तेव्हा भाऊच्या धक्क्याहून रो-रो), तिथून अलिबाग, पुढे एसटी किंवा टमटम. कोर्लईला सकाळीच चढा, दीपगृहाकडून पायऱ्या आहेत पण सावली औषधालाही नाही, आम्ही दोघांत एकच बाटली नेली आणि अर्ध्यात घसे कोरडे. दीपगृह बघायचं असेल तर वेळ खालीच विचारून घ्या. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारा, आमची चुकली आणि रिक्षावाल्याने तोंडाला येईल तो भाव सांगितला.